दोन कॉम्प्युटर आणि खंडेनवमीचं कुंकू

आयुष्यात मी दोघांशीच एकनिष्ठ राहिलो: बायकोशी आणि एका विलायती कंपनीच्या कॉम्प्युटरशी. (बायकोच्या मते क्रम उलटा आहे.)

गिरगावातल्या एका जाहिरातीच्या ऑफिसात मी त्याच कंपनीच्या मशीनवर काम शिकलो. पुढे लालबागच्या चाळीत, घरातच लग्नपत्रिकांचा धंदा काढायचं ठरलं, तेव्हा दुसरं मशीन माझ्या मनातही आलं नाही. पैसे मात्र बाबांचे होते, संपानंतर कितीतरी वर्षांनी गिरणीकडून सुटलेले. खरेदी एकदाच होणार होती. चुकली की धंदा बसला!

वैशालीने, म्हणजे बायकोने, पहिल्याच दिवशी मोडता घातला. "लॅमिंग्टन रोडला सुटे पार्ट जोडून देतात. अर्ध्या किमतीत, वर मेमरी जास्त. आमच्या नितीनने घेतलाय."

"अगं, पण त्याला आत्मा नसतो!"

"मुंजीच्या पत्रिका छापायच्यात. आत्मा कशाला लागतो?"

बाबांनी गिरणीच्या साचेखात्यात, मागांवर हयात घालवलेली. ते म्हणाले, "भांडतास कित्याक? दोनय घेवन येवा. चलवून बघूया."

खंडेनवमीला माझ्या ऑफिसला सुट्टी. साहेबांच्या हातापाया पडून त्यांचं विलायती मशीन मी एका दिवसासाठी मागितलं आणि चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन टॅक्सीने निघालो. टॅक्सीवाल्याने आरशातून बघत विचारलं, "पेशंट सीरियस है क्या?"

मेहुणा नितीन परळहून आपलं जोडलेलं मशीन घेऊन आला. अट अशी ठरली: एकच भलामोठा फोटो दोन्ही मशीनांत टाकायचा, एकच काम सांगायचं, ज्याचं आधी होईल, ते घ्यायचं. अर्धी चाळ दारात जमली. नितीनचं मशीन पंख्याच्या आवाजाने पिठाच्या गिरणीसारखं घरघरायला लागलं. माझं मात्र शांत, धीरगंभीर!

"माझ्या मशीनचा आवाज ऐकताय का?" मी गॅलरीत जाऊन लोकांना म्हणालो.

"नाही."

"तेच तर! ह्याला म्हणतात दर्जा!"

दर्जावरचं माझं व्याख्यान रंगात आलं होतं, तेवढ्यात आतून वैशाली ओरडली, "बाबा, काय केलंत हे!"

धावत आत गेलो. बाबा हातात पूजेचं ताट घेऊन उभे. माझ्या मशीनला हळद, कुंकू, झेंडूचा हार. आणि पडदा काळाठिक्कर! भिंतीवरचं बटणच बंद!

"बाबा, शर्यत चालू होती!"

"आवाज नाय, म्हटलां बंदच आसा. तरी बटन बंद करून घेतलंय." बाबा शांतपणे उदबत्ती ओवाळत होते. "चालू मशीनीक कोण कुंकू लावता रे? हात जाता माणसाचो!"

गिरणीत जे मशीन गप्प, ते बंद. हा हिशेब त्यांच्या हाडात मुरलेला. तिकडे नितीन विजयाचा नारळ फोडायच्या तयारीला लागला.

मी हट्टाने पुन्हा शर्यत लावली. या खेपेला भिंतीवरच्या बटणापुढे दोन्ही हात पसरून स्वतः उभा राहिलो. आणि काय सांगू, माझं मशीन जिंकलं! थोडक्यात, पण जिंकलं! चाळीने टाळ्या वाजवल्या. मला तर रडूच यायचं बाकी होतं.

"मस्तच," वैशाली म्हणाली. "आता किंमत सांगा."

मी सांगितली. टाळ्या थांबल्या.

"तेवढ्यात नितीनसारखी दोन येतील."

"दोन घेऊन करू काय?"

"एकावर तुम्ही बसा, एकावर मी."

बाबांनी मान डोलावली, तिथे विषय संपला. दोन्ही मशीनं एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच किमतीला आली. आत सगळे पार्टही तेच. धंदा झकास चालला. फक्त वैशालीच्या पत्रिका दुपारच्या जेवणाआधी तयार व्हायच्या आणि माझ्या दिवेलागणीला.

मी तक्रार केली, तेव्हा नितीनने दोन्ही मशीनं उघडून तपासली. काही फरक सापडेना. शेवटी त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "भावजी, दोष सापडला. पण हा पार्ट लॅमिंग्टन रोडला बदलून मिळत नाही!"