गोवर्धनचे बारा सेकंद

गोवर्धन चर्जनला अमरावतीच्या फुलबाजारात सगळे ओळखतात ते त्याच्या झेंडूमुळे. त्याला गाण्याचं वेड आहे, हे त्याच्या घरच्यांना आणि मला सोडून फारसं कुणाला माहीत नव्हतं. आणि गाण्याचं म्हणजे तरी काय? जुन्या हिंदी गाण्यात गाणारा थांबतो आणि मधेच माउथ ऑर्गन वाजतो, तेवढ्याचंच. बाकी गाणं गेलं चुलीत. रेडिओवर तसं एखादं गाणं लागलं की हा फुलं तोलता तोलता हात वर करायचा. "थांबा जरा, आता येते." गिऱ्हाईक आपलं काही न कळून पिशवी उघडी धरून उभं. तुकडा वाजून गेला की तराजू पुन्हा चालू.

मी एस.टी.तून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालो. लोक मला तिरसट म्हणतात. पस्तीस वर्षं स्टँडवर "गाडी कधी लागते?" हा एकच प्रश्न ऐकल्यावर कोण गोड राहील? गोवर्धनशी माझी ओळखही भांडणातूनच झाली. तो नांदगाव खंडेश्वरकडच्या आपल्या शेतातून फुलांच्या ओल्या करंड्या घेऊन पहाटेच्या गाडीने यायचा, त्यांचं पाणी गळून एका प्रवाशाचं धोतर भिजलं, आणि त्यावरून आमची चांगलीच जुंपली. पुढे दोस्ती झाली. आता त्याच्याकडे लहान टेम्पो आहे आणि माझ्याकडे रिकामा वेळ, म्हणून रोज सकाळी मी त्याच्या दुकानापुढच्या स्टुलावर असतो.

गेल्या वर्षी त्याच्या बावन्नाव्या वाढदिवसाला वर्षालीने, म्हणजे त्याच्या मुलीने, पुण्याहून एक माउथ ऑर्गन पाठवला. तळहाताएवढा, दहा भोकांचा. सोबत फोनवर शिकवणीचे व्हिडिओ. गोवर्धनने तो डबीतून काढला, शर्टाला पुसला आणि मला म्हणाला, "साहेब, मले जास्त नाई पायजे. एक तुकडा आला तरी झालं."

तो तुकडा कोणता हे मला विचारायची गरज नव्हती. त्याच्या लाडक्या गाण्यातला, दोन कडव्यांच्या मधला, मोजून बारा सेकंदांचा. तो लागला की हा माणूस डोळे मिटतो.

मग शिक्षण सुरू झालं. माउथ ऑर्गनची गंमत अशी की एकाच भोकात फुंकलं की एक सूर आणि हवा आत ओढली की दुसरा. गोवर्धनने आपली लिपी तयार केली. पुडी बांधायच्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर तो लिहायचा: चार फू, चार ओढ, पाच फू. व्हिडिओतला पोरगा सांगायचा आणि हा लिहून घ्यायचा. एकदा त्याने सगळा तुकडा लिहिलेला कागद शेवंतीला गुंडाळून एका बाईला देऊन टाकला. तिच्यामागे गांधी चौकापर्यंत पळत गेला. बाईला वाटलं, हा पैसे मागायला आला.

पहिल्या आठवड्यातच बाजा बंद पडला. तीन भोकं मुकी. मी तो घेऊन तळहातावर आपटला तर आतून सुपारीचा चुरा पडला. झालं होतं असं की गोवर्धन गालात खर्रा धरूनच सराव करायचा. आमच्या वऱ्हाडात खर्रा म्हणजे काय हे सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो: सुपारीचा कीस, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोट घोट घोटायचा आणि चिमटीने गालात ठेवायचा. माणूस भेटला की आधी पन्नी पुढे करायची, मग बोलायचं. फुंकताना काही होत नाही हो, पण हवा आत ओढायची वेळ आली की अर्धी सुपारी नरड्यात आणि अर्धी बाजात. बाजार आठ दिवस हसला. मी सगळ्यात जास्त हसलो.

वर्षालीने दुसरा बाजा पाठवला. आता वाजवण्यापुरता तो चूळ भरायचा. तरी एक गोष्ट काही जमेना. एकेक सूर सुटा येईना. चार नंबरच्या भोकात फुंकलं की तीन आणि पाचही ओरडायचे. नवशिक्यांचं पहिले काही आठवडे असंच होतं, असं व्हिडिओतला पोरगा म्हणायचा. याचे तीन महिने झाले. तुकड्याचा पत्ता नाही, नुसता भोंगा. मी म्हणालो, "गोवर्धन, तुहं काम बोटाचं हाये, तोंडाचं नाई. तू आपला झेंडू तोड." त्याला ते लागलं. दोन दिवस बाजा गल्ल्यातच राहिला.

तिसऱ्या दिवशी त्याची बायको वच्छला दुकानात आली होती. हार गुंफण्यात तिचा हात धरणारा बाजारात कुणी नाही, आणि तोंडाचीही ती फटकळ. गोवर्धन पुन्हा फोन लावून बसला. व्हिडिओतला पोरगा म्हणत होता, ओठ असे करा, शीळ घालताना करतो तसे.

वच्छलाचा हात थांबला. "हे तं शीळच नाई घालत आता," ती म्हणाली.

"कवा घालत होता?" मी विचारलं.

"लगन झालं तवापासून! शेतात फुलं तोडताना दिवसभर तेच चालू राहे. ह्या माणसाची शीळ आयकून मी सांगू शको का कोणत्या ओळीत हाये. सात-आठ वर्षं झाली, बंद झाली. मले वाटलं, पोरगी मोठी झाली, आता लाजून राहिले. बरं वाटलं मले." मग ती नवऱ्याकडे वळली. "घाला बरं."

गोवर्धनने ओठ पुढे काढले. नुसती हवा गेली. तो हसला, पुन्हा केलं. पुन्हा हवा. मग वच्छला जे बोलत सुटली ते थांबेच ना. वर्षभर भाजीत तिखट टाकू देत नाहीत, तोंडात जळते म्हणतात. भाकरीचा घास बारीक करून खातात. जांभई देताना गाल धरतात. हे सगळं तिने पाहिलं होतं आणि पित्त समजून सोडून दिलं होतं.

शेजारी अब्दुल सत्तारचं सेहऱ्यांचं दुकान आहे. त्याने सगळं ऐकलं आणि काही न विचारता फोन लावला. त्याची मुलगी अलीझा अकोल्याला दातांची डॉक्टर आहे. "उद्या घेऊन या म्हणते," तो म्हणाला. "खाली पेट नको, फिकर नको, पन याच."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं अकोल्याला गेलो. डॉ. अलीझाने गोवर्धनला त्याचीच तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगितली. दोनही नीट जाईनात. तिने बॅटरीने गालाच्या आत पाहिलं, बोट फिरवलं आणि हातमोजे काढले.

"काका, गालाची आतली कातडी घट्ट होत चालली आहे. खर्र्यानं होते हे. म्हणून ओठ वळत नाहीत, जळते, तोंड उघडत नाही. जेवढं बंद झालं तेवढं सगळं परत उघडंल असं मी सांगत नाही. पण आज खर्रा सुटला तर इथं थांबवता येते. नाही सुटला तर पुढं याचा कॅन्सरही होऊ शकते. लवकर आले, बरं झालं. लोक घास जाईना झाला की येतात."

वच्छला भिंतीला टेकली. गोवर्धनने खिशातून माउथ ऑर्गन काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "याच्यावर एक तुकडा वाजवायचा व्हता. येईन काय?"

"हेच वाजवा," ती म्हणाली. "ओठांना व्यायाम होईल." मग कागद ओढून तिने विचारलं, "खर्रा कधीपासून?"

"बावीस वर्षं," गोवर्धन म्हणाला.

"कोणी लावला?"

गोवर्धन छताच्या पंख्याकडे पाहू लागला. मी खिडकीबाहेर. ते धोतराचं भांडण झालं ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दिलजमाई म्हणून पन्नी त्याच्या पुढे केली होती. तो म्हणाला होता, मी खात नाही साहेब. मी म्हणालो होतो, मग अजून राग आहे म्हणायचा. तेव्हा त्याने चिमूट घेतली. हे मी त्या दवाखान्यात बोललो नाही. कुणी मला विचारलंही नाही.

गोळ्या सुरू झाल्या, गालात इंजेक्शनं झाली, आणि आइस्क्रीमच्या लाकडी काड्या. तोंड जास्त उघडावं म्हणून त्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या, जमेल तशी एक वाढवायची. पण खरा त्रास वेगळाच होता. बाजारात सकाळपासून वीस माणसं पन्नी पुढे करणार. नाही म्हटलं की "मोठा झाला बावा आता" म्हणून टोमणा. डॉक्टरचं नाव सांगितलं तर "एका चिमटीनं काय होते?" गोवर्धनला तोंडावर नाही म्हणता येत नाही, हा त्याचा जुना रोग. त्याने यावर जो उपाय काढला तो त्यालाच सुचू शकतो. तो माउथ ऑर्गन तोंडातच धरून बसू लागला. कुणी आलं की सूर काढायचा आणि मान हलवायचा. ज्याच्या तोंडात बाजा आहे त्याला खर्रा कोण देणार? तराजू हातात, बाजा दातांत, भाव बोटांनी. लोक त्याला बँडवाला म्हणू लागले.

आणि मी काय केलं ते सांगायलाच हवं. पहिले पंधरा दिवस मी रोज दोन खर्रे घोटून घेत होतो. सवयीने, असं मी स्वतःला सांगायचो. एक खायचो आणि दुसरा त्याच्या गल्ल्याजवळ ठेवायचो. तो बाजा वाजवत राहायचा. जाताना मी तो उचलून न्यायचो. खरं म्हणजे मला राग आला होता. बावीस वर्षांचा जोडीदार एकदम पंगतीतून उठला, असा. माणूस किती कोडगा असावा याला काही मर्यादा?

उपचाराच्या पाचव्या महिन्यात चार नंबरचा सूर सुटा आला. एकटा, स्वच्छ, शेजाऱ्याला न उठवता. गोवर्धनने तोच सूर सकाळभर वाजवला. सत्तार शेवटी म्हणाला, "भाई, अब पाँचवाँ भी बजाओ!" मग पाच आला, सहा आला. हळूहळू तुकडा ओळखू यायला लागला. एका गिऱ्हाइकाने गाण्याचं नावही बरोबर सांगितलं. गोवर्धनने त्याला दोन शेवंत्या जास्त घातल्या. काड्या तोवर चौदावरून एकोणीसवर गेल्या होत्या.

दिवाळीला वर्षाली गावी आली. भाऊबीजेच्या दुपारी त्यांनी मला शेतावर जेवायला बोलावलं. फुलांची घाई संपली होती, ओट्यावर सगळे सैल होऊन बसलो होतो. वर्षाली म्हणाली, "बाबा, दाखवा ना." गोवर्धनने कागद न बघता वाजवायला घेतलं.

सूर लागत गेले. कुठे घाई नाही, कुठे भोंगा नाही. मला गाण्यातलं कळत नाही, तरी मी मनात सेकंद मोजत होतो. तुकडा शेवटी खाली उतरतो, तिथे दोन नंबरच्या भोकातून हवा ओढायची असते. तिथे आला आणि गोवर्धनने बाजा ओठांवरच धरला, एक श्वास तसाच जाऊ दिला आणि थांबला.

वर्षालीने टाळ्या वाजवल्या. मग म्हणाली, "बाबा, शेवटचा सूर राहिला ना?"

"थो नाई येत," गोवर्धन म्हणाला. "त्याले जबडा खाली सोडा लागते, तोंड आतून मोठं करा लागते. माहं तेवढं होत नाई. डॉक्टरीणबाई म्हने, आता तेवढं होणारही नाई. म्हणून मी थेवढी जागा सोडून देतो."

तो हे अगदी सहज म्हणाला. या शेतात पाणी चढत नाही, म्हणून तेवढा कोपरा पडीक ठेवतो, इतकं सहज. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

मी पस्तीस वर्षांत गाड्या उशिरा सोडल्या, लोकांवर ओरडलो, चुकीच्या फलाटावर पाठवलं, पण कधी कुणाची माफी मागितली नाही. कंट्रोलरने मागायची नसते. त्या ओट्यावर माझ्या तोंडून निघालं, "गोवर्धन, तुले पयला खर्रा म्या देल्ला. तू नाई म्हने, तरी देल्ला. माहं चुकलं."

गोवर्धन बाजा शर्टाला पुसत राहिला. वच्छला मात्र उठून माझ्यासमोर आली आणि तिने हात पुढे केला.

"मंग आणा इकडे, भाऊजी. खिशात हाये थो."

सदऱ्याच्या खिशात पन्नी होती. जेवण झालं की खायची म्हणून सकाळीच घोटून आणलेली. मी ती काढून तिच्या हातावर ठेवली. उद्या सकाळी मी काय करणार हे मला ठाऊक नव्हतं आणि त्याची मला खरीच भीती वाटत होती.

"उद्या साडेआठच्या गाडीनं अकोल्याले जाऊ," गोवर्धन म्हणाला. "मी येतो तुमच्या संग."