कळशीतला आवाज

जेवणाची भांडी विसळून होतात, खिडकीचा पडदा ओढून होतो आणि कुमुदबाई आठल्ये पलंगावर पाठ टेकतात. झोपायचं नाही, नुसती पाठ टेकायची, असं त्या रोज दुपारी स्वतःला बजावतात आणि रोज घोरतात. शेजारच्या पलंगावर अनंतराव केव्हाच झोपलेत. त्यांच्या उशाशी मोबाइल आहे आणि त्या मोबाइलमध्ये शरयू मगदूम आहे.

म्हणजे शरयू स्वतः नाही. तिला जाऊन बरीच वर्षं झाली. तिचा आवाज आहे. दुपारचे चार वाजले की अनंतरावांच्या अलार्ममधून तो येतो. खोल, पोकळ, विहिरीच्या तळाशी कुणी बसून बोलावं तसा. "पृथ्वी, जागी आहेस का?" एरवी बायकोनं घसा फोडला तरी कूस न बदलणारा हा माणूस मग ताडकन उठून बसतो. वर त्या फोनला सांगतोही, "आहे, जागा आहे." लग्नाच्या बायकोला हे रोज बघावं लागतं.

'शुक्रावरून हाक' हे नभोनाट्य रेडिओवर लागायचं त्याला आता पन्नास वर्षं होत आली. दर गुरुवारी संध्याकाळी सांगलीतल्या निम्म्या घरांत आमटी करपायची. त्यात वेधशाळेतली डॉक्टर मृणाल होत्या कुमुदबाई. प्रत्येक भागात पानंच्या पानं त्यांची. रडणं त्यांचं, भांडणं त्यांचं, दुर्बिणीला डोळा लावून सरकारी अधिकाऱ्याला सुनावणं त्यांचं. आणि शुक्रावरून जी कुणी बोलायची, ती शरयू. तिला भागाच्या शेवटी एकच वाक्य. लोकांच्या लक्षात राहिलं ते तेवढंच.

आया त्या वाक्यानं पोरांना शाळेसाठी उठवायला लागल्या. ती पोरं मोठी झाली आणि आपल्या पोरांना तसंच उठवायला लागली. एका मोठ्या शास्त्रज्ञानं सत्काराला उत्तर देताना सांगितलं की, मी आयुष्यात पहिल्यांदा मान वर करून आकाश पाहिलं ते त्या आवाजामुळे. कुमुदबाई पहिल्या रांगेत होत्या. नंतर कुणीतरी ओळख करून दिली तेव्हा त्याचे डोळे चमकले. "म्हणजे तो आवाज तुमचा?" "नाही, मी डॉक्टर मृणाल." "अच्छा," तो म्हणाला. त्या 'अच्छा'चा कुमुदबाईंना अजून राग येतो.

आणि आज पाच वाजता त्यांना रेकॉर्डिंगला जायचं आहे. पुण्याची काही तरुण मंडळी ते नभोनाट्य नव्यानं करताहेत, फोनवर ऐकण्यासाठी. त्यांचा दिग्दर्शक, ओजस नावाचा, घरी येऊन पाया पडून गेला. कुमुदबाईंना वाटलं, मृणालसाठी आला. "मृणाल आम्ही एका नव्या मुलीला दिलीय," तो म्हणाला. "तुम्ही तो आवाज काढाल का? दर गुरुवारी तिच्या शेजारी उभ्या असायचात ना तुम्ही?" जीव जळला. पण हो म्हणाल्या. एकदा तरी ते वाक्य माझं होऊ दे, माझ्या नावानं वाजू दे, एवढंच मनात आलं.

आवाज मात्र त्यांना येत नाही. कधीच आला नाही. शरयू कळशीत तोंड घालून बोलायची, हे सगळ्या रेडिओ केंद्राला माहीत होतं. नभोनाट्य संपलं तेव्हा ती कळशी कुमुदबाईंनी मागून घेतली आणि शरयूनं हसत देऊन टाकली. कळशी घरी आली, आवाज आला नाही. मग त्यांनी घागर करून पाहिली, रांजण करून पाहिला. एकदा कुकरमध्ये तोंड घालून बसलेल्या असताना अनंतराव स्वयंपाकघरात आले, पाणी पिऊन काही न विचारता निघून गेले. काल कळशी माळ्यावरून काढली आहे. ती टेबलावर आहे, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, सुतळीनं बांधलेली. गाठ सोडायचा अजून धीर झालेला नाही.

पंखा फिरतोय. त्याची घरघर बारीक होत जाते, कुणी बटण पिळून कमी करावी तशी. आणखी बारीक. मग काहीच नाही. दारावर लाल दिवा लागतो.

लाल दिवा लागला म्हणजे खोकायचंसुद्धा नाही. कुमुदबाई श्वास धरून उभ्या राहतात. पायाखाली स्टुडिओचा जाड गालिचा आहे, हातात सुटी पानं. टाचणी काढून पानं सुटी करायची आणि वाचून झालेलं पान अलगद खाली सोडायचं. उलटलं तर माइकला आवाज जातो. त्या एकेक पान सोडताहेत. पानावर अक्षर नाही, पण त्यांना सगळं पाठ आहे.

माइकच्या पलीकडे शरयू. हिरवी इरकल, ठसठशीत कुंकू, हातात एकच कागद.

"तू गेलीयेस," कुमुदबाई म्हणतात.

"व्हय की. म्हणून काय गुरुवार चुकवू?" शरयू म्हणते. "धर कळशी."

कुमुदबाईंना धरायची नसते. हात आपोआप पुढे होतात. हेही तसंच, पूर्वीसारखं. शरयूला एका हातात कागद लागायचा, दुसऱ्या हाताला कळशी पेलायची नाही, म्हणून नाटकाच्या नायिकेनं तिच्या तोंडासमोर कळशी धरून उभं राहायचं. हे कोणत्याही सत्कारात कुणी सांगितलेलं नाही.

"मी का धरायची?" त्या विचारतात.

"तुझा हात हलत नाही म्हणून. बाकीच्यांचा हलतो." शरयू हे इतकं सहज म्हणते, की ते कौतुक आहे हे कुमुदबाईंना जरा उशिरानं कळतं आणि मग त्याचाही राग येतो.

खाली सोडलेली पानं मेथीची आहेत. गालिचाभर मेथी पडली आहे, तिच्या कडेनं बायका पाट्या घेऊन बसल्यात, आणि हा शनिवारचा बाजार आहे. सगळा बाजार झोपलाय. वांगीवाली तराजूवर डोकं टेकून झोपलीय, बेदाणेवाला पोत्यावर. भर उन्हात एक गाढवसुद्धा उभ्या उभ्या पेंगतंय.

"उठव की यांना," शरयू म्हणते. "तू मृणाल. तुझ्याकडं बोलायला पुष्कळ आहे."

कुमुदबाई पदर खोचतात. मृणालचा शेवटच्या भागातला मोठा संवाद त्या म्हणतात, ज्याच्यावर निर्मात्यांचे डोळे भरून आले होते तो. आवाज कुठंही चिरत नाही. मानवजात, अंधार, एकटेपण, सगळं येतं. वांगीवाली झोपेत नाक खाजवते.

शरयू वाकते. कुमुदबाईंच्या हातातल्या कळशीत तोंड घालते. "पृथ्वी, जागी आहेस का?"

बाजार उठतो. बायका पाट्या सावरतात, बेदाणेवाला भाव सांगायला लागतो, गाढव चालू पडतं. अनंतरावही आहेत त्यांत, पिशवी घेऊन, तरुण, दाट केसांचे. "आहे, जागा आहे," ते म्हणतात आणि कुमुदबाईंच्या अंगावरून पुढे निघून जातात.

"त्यांना तरी सोडायचं होतंस," कुमुदबाई म्हणतात. रडू येतंय, आणि शरयूसमोर ते यावं याची लाज वाटतेय. "तुझं एक वाक्य. एक! मी घसा बसेपर्यंत बोलायचे. तापात आले, पोर पोटात असताना आले. तू शेवटची दोन मिनिटं यायचीस, एवढंसं बोलायचीस आणि चहा प्यायला जायचीस. आणि लोक तुला घेऊन बसले. मला तुझा हेवा वाटतो, शरयू. तू मेलीस तेव्हासुद्धा वाटला. पेपरात तुझा फोटो केवढा मोठा आला होता!"

"बघितला नाही मी," शरयू म्हणते. "बरा होता?"

"चांगला होता," कुमुदबाईंना सांगावं लागतं.

दोघी घाटाच्या पायऱ्यांवर बसल्या आहेत. बाजार मागे कुठं राहिला ते कळत नाही. कृष्णेचं पाणी संथ आहे, आणि पलीकडच्या काठावर झाडांच्या जागी निर्मात्यांच्या खोलीची काच आहे. काचेमागे कुणीतरी हात वर करून थांबलंय, खूण करायच्या बेतात. कळशी कुमुदबाईंच्या मांडीवर आहे. त्या तिच्या काठावरून बोट फिरवतात. काठ कोरडा आहे.

तिथंच त्या थांबतात. त्यांनी स्वतः कळशीत तोंड घातलं की आतून काठ ओलसर व्हायचा, श्वासाची वाफ धरायची. प्रत्येक वेळी पदरानं पुसावा लागायचा. शरयू बोलून गेल्यावर मात्र काठ कोरडाच असायचा. एवढे गुरुवार ही कळशी त्यांनी स्वतःच्या हातांनी धरली, बोटांना हे कळत होतं, आणि त्यांनी कधी बोटांना विचारलं नाही.

"तुझा श्वास कुठं जायचा गं?" त्या विचारतात.

शरयू पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघते. "आली का लक्षात! फार वेळ लावलास, कुमे."

"सांग."

"दमा होता मला. पहिल्या दिवशी अशी धाप लागलेली, की छातीत श्वास टिकंना. दिवा लागला. निर्मात्यांनी हात खाली केला. बाहेर टाकायला काही नव्हतंच, मग आत घेता घेताच बोलून टाकलं. मला वाटलं, आता हाकलतील. तर ते काचेमागं नाचायला लागले." ती हसते, आणि हसताना छातीत बारीक शिट्टी वाजते. "नंतर दमा असो नसो, दर गुरुवारी तसंच बोलायला लागलं."

ती कळशी घेते आणि तिरकी करून पाण्यात दाबते. बुडबुड बुडबुड आवाज होतो. "ऐक. कळशी बोलती ती भरताना. तुम्ही सगळे ओतत बसलात."

"आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठं? कळशी मागितलीस, कळशी दिली."

काचेमागचा हात अजून वर आहे.

"आता घे की तो आवाज," शरयू म्हणते. "मला काय करायचाय तो. पण लोक विचारतील, कोण बोललं? तेव्हा काय सांगशील?"

"माझं नाव सांगेन. स्वच्छ सांगेन, कुमुदिनी आठल्ये."

शरयू खो खो हसायला लागते. हसता हसता भरलेली कळशी उचलून ती कुमुदबाईंच्या तोंडावर दाबते, थंड, जड, तांब्याच्या वासाची. कळशीत पाणी नाही, नुसता काळोख आहे, आणि त्यात खूप लांबवर एक तारा. "आत घे," शरयू म्हणते. "आत!" पलीकडे हात खाली येतो.

पंखा फिरतोय. पडद्याच्या फटीतून ऊन टेबलावर पडलंय. कळशी तिथंच आहे, वर्तमानपत्रात, आणि सुतळीची गाठ जशीच्या तशी.

कुमुदबाई उठून बसतात. तोंडात तांब्याची चव आहे. त्या हनुवटीला हात लावतात, मग गालाला, मग नाकाच्या वर. एक वळ बोटाला लागतो, गोल, खोल, काठाएवढा. त्या कपाटाच्या आरशात पाहतात. तोंडाभोवती चांगला लालभडक गोल उमटलाय.

त्या आरशासमोरच उभ्या राहतात. दोन्ही हातांची ओंजळ तोंडासमोर धरतात. छाती रिकामी करतात, पार तळापर्यंत, आणि श्वास आत घेता घेता बोलतात.

"पृथ्वी, जागी आहेस का?"

अंगावर काटा येतो. तोच. खोल, पोकळ, लांबचा. आरशातली बाई आ वासून त्यांच्याकडे बघते आहे.

मागे पलंग करकरतो. "आहे, जागा आहे," अनंतराव म्हणतात. ते उठून बसलेत, चष्मा नसलेले डोळे मिचकावत उशाशी फोन चाचपताहेत. फोन सापडतो. ते त्याच्यावर बोट मारतात, पुन्हा मारतात. "काय गं हे, चार वाजायचेत अजून. ही शरयू आज आधीच कशी बोलली?"

"शरयू नव्हे हो," कुमुदबाई वळून म्हणतात. "मी बोलले. मी!"

अनंतराव त्यांच्याकडे पाहतात. चष्म्याशिवाय त्यांना वळ दिसत नाही, काहीच दिसत नाही. त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरतं, फार मायेचं, लहान मुलाची थाप ऐकून येतं तसं.

"तू?" ते म्हणतात. "अगं, तुझा आवाज मला कळत नाही होय? जन्म गेला माझा तो ऐकण्यात. हजार बायका बोलल्या तरी तुझा तेवढा ओळखेन मी."

असं काही हा माणूस आजवर कधी बोलला नव्हता, आणि बोलला तो नेमका आत्ता.

एवढ्यात चार वाजतात. फोन त्यांच्या हातातच बोलतो, "पृथ्वी, जागी आहेस का?"

"बघ," अनंतराव म्हणतात. "ही खरी."

कुमुदबाई हनुवटीवरचा वळ चोळतात. तो जात नाही. मग त्या चहा टाकायला आत जातात, आणि जाता जाता टेबलावरची कळशी काखेत मारतात.