ओट्यावरची वेणी

आमच्या गल्लीत समोरच्या ओट्यावर रोज सकाळी एक तरुण बाप लॅपटॉप घेऊन बसतो. कंपनी चेन्नईला, हा इथे तंजावुरात. बायको पापनाशमच्या शाळेत शिकवते, ती पहिल्या बसने जाते. मग लेकीची वेणी याच्याकडे. मीटिंग चालू, लेक खालच्या पायरीवर, रिबीन याच्या दातांत. बोलायची पाळी आली की रिबीन खांद्यावर टाकतो, कोपराने बटण दाबतो आणि इंग्रजीत बोलतो. हात केसांतून निघत नाहीत.

मी एकदा विचारलंच, "साहेबाला ठाऊक आहे का रे, तू वेण्या घालतोस ते?"

"ठाऊक आहे की, आज्जी," तो हसून म्हणाला. "चेन्नईत होतो तेव्हा महिन्यातून एकदा यायचो. ही मला मामा म्हणायची. घरी आलेल्या पाहुण्याला मामा म्हणायचं, एवढंच तिला ठाऊक. हेच साहेबाला सांगून घरून काम मागून घेतलं."



परवा वेणी वाकडी झाली. लेक फणकारली, "अप्पा, असली नको. सोड आणि पुन्हा घाल."

त्याने मीटिंगला जरा थांबायला सांगितलं आणि निमूट वेणी सोडली. पाहुण्यावर कोणी असं रागावत नाही.