टाळ्या कशाबद्दल?

"टाळ्या कशाबद्दल?" असं तो थेट टीव्हीलाच विचारायचा. भुवया वर, हात मागे बांधलेले, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखा.

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या खालच्या गाळ्यात त्याचं गेमिंग पार्लर होतं. चार टीव्ही, चार फाटक्या खुर्च्या. पस्तिशीचा असेल, लग्न नाही, केसांना फणी नाही. एकच लेव्हल महिना-महिना खेळायचा. जिंकला तरी ओरडणं नाही की नाचणं नाही. कंट्रोलर शर्टाला पुसून खाली ठेवायचा आणि चहा मागवायचा. तुमच्याही बिल्डिंगमध्ये असा एखादा असेल, बघा.

माझ्या लेकीने मला तो हात हलवून खेळायचा गेम पाठवला. "आई, तेवढाच व्यायाम!" जोडायला मी ह्याला वर बोलावलं. वायरी लावल्यान् आणि उष्ट्या ताटापासून सरकावं तसा मागे सरकला.

"खेळून तरी दाखव ना रे."

"काकू, हा गेम नाही. ही पी.टी. आहे."

मग मीच टेनिस लावलं. रिमोटचा पट्टा मनगटाला, मांडीवर मटाराचं ताट. समोरून बॉल आला आणि नेमकी शेंगेतून अळी निघाली. ईऽऽ करून मी हात झटकला. तर काय, पॉइंट माझा! टीव्हीतली माणसं उभी राहून टाळ्या वाजवायला लागली.

"टाळ्या कशाबद्दल?" तो टीव्हीवर खेकसला. "काकूंनी अळी झटकली!"

मी हसून हसून बेजार. म्हटलं, "सगळंच टाकाऊ का रे यातलं?"

जरा विचार केलान्. "धनुष्यबाणाचा एक आहे, तो बरा. हात हलला की नेम चुकतो. पण एका धनुष्यासाठी एवढं मशीन घ्यायचं? बाकी सगळा बर्थडेचा केक. आणि हे कोणाला हरवतच नाही, काकू. नीट हरवणारा पाहिजे, तर उद्या परत यावंसं वाटतं."

गाळा त्याच्या मोठ्या भावाचा. पोरं मोबाइलला चिकटली, पार्लर ओस पडलं, तसा भाऊ म्हणाला, "हे हात हलवायचे गेम ठेव, बर्थडे पार्ट्या घे. नाहीतर गाळा रिकामा कर."

ठेवले बिचाऱ्याने. पहिल्याच पार्टीला मी मुद्दाम खाली गेले. काय तो तमाशा! आया चपला काढून उड्या मारतायत, एक आजोबा हवेतच तलवार चालवतायत, आणि ज्याचा वाढदिवस तो पोरगा कोपऱ्यात मोबाइल बघतोय. पोराचा बाप घामाघूम होऊन छाती पुढे काढून म्हणाला, "आपण तर चॅम्पियन, बॉस! मान गये ना?"

मी मनात म्हटलं, गप्प बस रे बाबा, आज तरी.

पण गप्प बसेल तर तो कसला. "साहेब, शेवटच्या दोन शॉटला तुम्ही केक खात होतात. हात तोंडाकडे नेलात, तोच या मशीननं शॉट धरला."

बाप लालबुंद झाला. सगळी वरात अर्ध्या केकसकट निघून गेली.

"टाळ्या वाजवायला तुझं काय जात होतं रे?" भाऊ ओरडला.

"खोट्या वाजवायला हात उचलत नाही, दादा."

महिन्याभरात गाळा रिकामा झाला. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात, चकचकीत, सगळी एका वळणाची. हा ऐरोलीला कुठेशी कॉम्प्युटरवर बसतो म्हणे. जाताना निरोप घ्यायला वर आला नाही. मीच खिडकीतून बघितलं, चारही टीव्ही टेम्पोत चढवलेन्, पण कंट्रोलर मात्र स्वतःच्या मांडीवर घेऊन बसला.

परवा दुपारी टेनिस लावलं होतं. मानेवर डास बसला, तो मारला. पॉइंट माझा. टीव्हीतली ती बिनडोक माणसं उठून उभी राहिली.

मी सवयीने दाराकडे बघितलं. कोणी नव्हतं. मग मीच भुवया वर केल्या, हात मागे बांधले आणि विचारलं.

ती आपली वाजवतच राहिली.