हवा खाणारी गाडी

वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या जुन्या मोटारसायकलला बाजारातला नवा एअर फिल्टर आणला, पण कार्बोरेटरच्या तोंडावर तो सैल बसतो आणि गाडी धापा टाकते. "कडेनं हवा खातेय," क्लिप आवळत मी म्हणालो.

"फार आवळू नकोस, रबर चिरेल," मास्कआडून अण्णा म्हणाले.

याच गाडीवरून ते आम्हा भावंडांना हवा खायला नेत. गाडीनं हवा खाणं मात्र दुखणं असतं. अण्णांच्या ऑक्सिजनच्या मास्कचा पट्टाही मीच बसवतो. सैल राहिला तर हवा निसटते, आवळला तर गालावर वळ उठतात.

अखेर गाडी एका लयीत धडधडू लागली. अण्णांनी मास्क खाली ओढला. "चल, हवा खाऊन येऊ."

मी गाडी बंद केली आणि त्यांचा पट्टा पुन्हा बसवला.