आबांचा खवाटा घेऊन खांडबाऱ्याला

ब्राह्मणपुरीहून सकाळची एसटी पकडली तेव्हा आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. केळी तोडणाऱ्या टोळीत घड वाहणाऱ्या माणसाचा हात गेला म्हणजे काम गेलं. एका डॉक्टरांनी ऑपरेशनचं नाव काढलेलं. मी म्हटलं, आधी खांडबाऱ्याच्या फिजिओथेरपिस्टताईंना दाखवू. घरातली पहिली पदवीधर मी; आबा माझं एवढं तरी ऐकतात.

प्रकाशाच्या पुलावरून तापी रुंद, संथ दिसली. नंदुरबारला रेल्वेत बसून कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि ठेचा खाल्ला.

खांडबाऱ्यात बाजार भरला होता. मिरच्यांच्या ढिगांतून वाट काढत दवाखाना गाठला. ताई माझ्याच वयाच्या. आबांनी एक्सरे पुढे केला.

"तो राहू द्या, काका. सदरा काढा, पाठ दाखवा."

"पाठ काय दखाडू? दुखस ते पुढे!" आबा करवादले.

ताईंनी त्यांना दोन्ही हात सावकाश वर करायला लावले. डावा खवाटा (खांद्यामागचं चपटं हाड) पाठीला धरून सरकत होता. उजव्याची कडा मात्र बाहेर उचलली जात होती. इतके महिने आम्ही पुढूनच तेल चोळत होतो!

ताईंनी तळहातानं तो खवाटा दाबून हलकेच फिरवला. आबांचा हात थेट कानाला लागला.

"आते (आता) दुखत नही. पन तू हात काढा का परत दुखस!"

"म्हणजे सांधा चांगला आहे, काका. खवाटा धरणारे स्नायू कमजोर पडलेत. ऑपरेशन नको, व्यायाम करा. घड कोणत्या खांद्यावर घेता?"

"उजवाच. डावा खांदावर लेस (घेतो) तो नवशिक्या."

"सहा आठवडे घड बंद. मग खांदा आलटूनपालटून."

"लोके हसतीन ना, बेटी!"

"हसू द्या. दुखतं ते तुम्हाला."

भिंतीला तळवे टेकून रेटायचं होतं. आबांनी रुतलेली बैलगाडी काढावी तसे खांदे कानापर्यंत चढवले. "भिंत पाडायची नाही, काका!" म्हणत ताईंनी माझा हात त्यांच्या खवाट्यावर ठेवला आणि तो कसा सरकला पाहिजे ते मला शिकवलं.

घरी रोज संध्याकाळी आबा भिंतीशी, मी त्यांच्या मागे. दुसऱ्या महिन्यात माझ्या हाताशिवाय त्यांचा हात वर गेला. परवा त्यांनी डाव्या खांद्यावर घड घेतला.

"काय आबा, नवीन भरती शे का?" टोळी ओरडली.

"हा, आजच लागनू!"

त्या ताईंचे उपकार मी विसरणार नाही. माझं बी.ए. आबांच्या ह्याच पाठीवर झालं. त्या पाठीला हात लावायला मात्र मला खांडबाऱ्यापर्यंत जावं लागलं.