बाईंचा डावा पाय

आमच्या डॉक्टरीणबाई एखाद्या गावात शिरल्या की त्या दिसण्याआधी त्यांचा वास यायचा. म्हणजे त्यांच्या जीपचा. जळकं रबर, तापलेलं लोखंड आणि चुलीवर विसरलेली भाकरी यांचा मिळून जसा येईल, तसा तो वास होता. उमरोळीच्या एका म्हातारीची सून बाळंत व्हायची होती. म्हातारीने वास येताच चुलीवर पाणी चढवलं आणि आम्ही दारात पोचलो तेव्हा ते उकळत होतं. बाईंना याचं फार कौतुक वाटलं. परतताना म्हणाल्या, "बघ कुसुम, माणसं किती तत्पर झालीत." वास आपल्या गाडीच्या क्लचचा आहे हे त्यांना ठाऊक होतं की नाही, ते मी कधी विचारलं नाही.

साठ सालाच्या आगेमागे मी पालघरला त्यांच्या दवाखान्यात नर्स म्हणून लागले. बाई विधवा होत्या, मूलबाळ नव्हतं. मूळच्या पुण्याच्या. उंची इतकी बेताची की जीपच्या सीटवर गोधडीची घडी ठेवल्याशिवाय त्यांना समोरचा रस्ता दिसत नसे, आणि घडी ठेवली की पाय पेडलपर्यंत नीट पोचत नसत. त्यावर त्यांनी स्वतःच तोड काढली होती. डावा पाय एकदा क्लचवर ठेवला की तो उतरेपर्यंत काढायचाच नाही. जीप लष्कराच्या लिलावातली, जुनी. चालवायला त्यांना त्यांच्या दिरांनी शिकवलं होतं, तेही पुण्यातल्या एका मोकळ्या मैदानावर. मैदानावर चढ नव्हता आणि आड येणारं कुणी नव्हतं.

क्लच म्हणजे काय हे मला मेस्त्रींकडून कळलं. वसंतमेस्त्रींचं गॅरेज स्टेशनच्या मागे होतं आणि बाईंची जीप तिथली कायमची पाहुणी होती. इंजिन आणि चाकं यांना जोडणारी एक प्लेट असते, पेडल दाबलं की ती सुटते आणि सोडलं की घट्ट धरते. पाय नुसता टेकवून ठेवला तर ती ना धड सुटते ना धड धरते, घासत राहते आणि जळते. मेस्त्रींनी हे बाईंना अनेकदा सांगितलं होतं.

"बाई, पाय काढत जा तिथून."

"मी दाबत नाही हो, नुसता टेकवते."

"टेकवता म्हणूनच सांगतो. माझ्या खांद्यावर कुणी दिवसभर नुसता हात ठेवला, तरी मी दमेन का नाय?"

"दाखवा बघू खांदा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी तिथेच मेस्त्रींचा खांदा दाबून पाहिला. खांदा खरोखर आखडलेला होता. त्यांनी लावायला तेल दिलं. क्लचचा विषय तिथेच राहिला.

जळून निकामी झालेल्या प्लेटी मेस्त्री भंगारात टाकायचे, पण बाई त्या मागून आणायच्या. एक तुळशीच्या कुंडीखाली होती, एक पाण्याच्या माठाखाली, आणि एक बाहेरच्या दाराला वाऱ्याने आपटू नये म्हणून टेकू दिलेली होती. नवा रोगी विचारायचा, हे काय? बाई गंभीरपणे सांगायच्या, "गाडीचा भाग आहे. अधूनमधून निघतो."

तारापूरकडचं मोठं बांधकाम सुरू झालं आणि बोईसरच्या रस्त्याचा नूरच बदलला. तोवर तिथे गवताच्या बैलगाड्या आणि टोपल्या घेऊन चाललेल्या कोळणी, एवढीच काय ती रहदारी. आता सिमेंटचे ट्रक आणि डंपर रेल्वेच्या फाटकापाशी रांग लावून उभे राहू लागले. फाटकाकडे जाणारा रस्ता चढाचा. हँडब्रेक ओढून थांबावं, तर बाईंचा हँडब्रेक नावालाच होता. त्या अर्ध्या क्लचवर, थोडा ॲक्सिलरेटर देत, जीप चढावर तरंगत ठेवायच्या. पुढे नाही, मागे नाही. खालून धूर यायचा. एकदा मागच्या ट्रकचा पंजाबी ड्रायव्हर उतरून आला आणि हात जोडून म्हणाला, "माताजी, आपकी गाडी जल रही है।"

"मालूम है," बाई म्हणाल्या. "आप अपनी जगह बैठिए, फाटक खुलनेवाला है।"

मी एकदा त्यांना विचारलं की पाय काढला तर काय होईल. त्यांनी थोडा विचार केला. "पाय काढला की वाटतं, गाडी आता आपल्या हातात राहिली नाही. वेळेवर सापडलं नाही पेडल तर?" इतर बाबतीत मी त्यांना घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. मासवणच्या पुढच्या पाड्यांवर त्या सापाच्या विषापुढे, तापापुढे, अडलेल्या बाळंतपणापुढे एकट्या उभ्या राहायच्या. त्यामुळे एक पेडल हरवण्याची त्यांना भीती वाटावी, हे मला चमत्कारिक वाटलं.

भातं कापणीला आली होती तेव्हाची गोष्ट. मासवणच्या पलीकडच्या एका पाड्यावरून एक जण चालत बोलवायला आला. त्याची बायको लाडकी रात्रीपासून अडली होती. आम्ही निघालो. ओढ्यातून, शेताच्या बांधावरून, गोट्यांच्या वाटेने जीप नेहमीसारखी वास सोडत पाड्यावर पोचली. बाईंनी लाडकीला तपासलं. मूल आडवं होतं. पोटाला नळी लावून त्या बराच वेळ ऐकत राहिल्या, मग उठल्या.

"दवाखान्यात न्यावं लागेल. पोट उघडायचं आहे, ते इथे अंगणात होणार नाही."

लाडकीची सासू उंबऱ्यात बसली होती. ती म्हणाली, "बाय, तिकडं नेऊन जगंल का ती?"

"लवकर नेली तर जगेल."

"मग ने. मी पण येते."

जीपमध्ये मागे गवत पसरून लाडकीला निजवलं. तिचं डोकं सासूच्या मांडीवर, नवरा पायाशी, मी नाडी धरून. ओढ्यात उतरेपर्यंत ठीक होतं. ओढा ओलांडून समोरचा चढ घ्यायचा, तिथे इंजिनाने मोठा आवाज केला आणि जीप जागची हलली नाही. बाईंनी आणखी दाबलं. आवाज वाढला, धूर वाढला, चाकं तशीच. प्लेट जवळजवळ संपली होती.

बाईंनी इंजिन बंद केलं. ओढ्याच्या पाण्याचा आणि लाडकीच्या कण्हण्याचा आवाज तेवढा राहिला. सासूने विचारलं, "काय झालं?"

"थोडी थंड होऊ दे," बाई म्हणाल्या.

ते थांबणं मला फार लांब वाटलं. बाई स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसल्या होत्या, आणि मी पाहिलं, त्यांचा डावा पाय अजून पेडलवरच होता. त्यांनीही बहुधा त्याच वेळी पाहिलं. त्यांनी चप्पल काढली, तो पाय उचलला, मांडी घालताना घेतो तसा उजव्या मांडीखाली दुमडला आणि त्यावर लुगडं नीट केलं. मग गिअरच्या दांड्याशेजारचा जीपचा जास्तीचा दांडा, ज्याला त्या कधी हात लावत नसत, दोन्ही हातांनी जोर लावून मागे ओढला. मेस्त्रींनी सांगितलं होतं की डोंगरात तो दांडा टाकला की गाडी हळू चालते, पण क्लचवर भार कमी येतो.

लाडकीचा नवरा उतरला. शेतात भात कापणारे होते त्यांना त्याने हाक मारली. चौघे-पाच जण विळे बांधावर ठेवून आले. बाईंनी क्लच न दाबता, गाडी गिअरमध्येच ठेवून स्टार्टर मारला. जीपला एक हिसका बसला, लोकांनी खांदे लावले, आणि ती कासवासारखी चढ चढून वर आली. ते लोक परत विळे उचलायला गेले.

पालघरपर्यंत बाई तशाच चालवत आल्या, एक पाय मांडीखाली घेऊन. इंजिनाचा आवाज ऐकायच्या आणि बरोबर क्षण सापडला की गिअरचा दांडा सरकवायच्या. सापडला नाही की खरखर व्हायची, मग पुन्हा प्रयत्न. गावाजवळ फाटक बंद मिळालं. मालगाडी येत होती. फाटकवाल्याला मी उतरून विनवलं. तो म्हणाला, "शिस्टर, सिग्नल पडलाय. माझ्या हातात नाय आता." मालगाडी सावकाश गेली. फाटक उघडलं, स्टार्टरने पुन्हा हिसका दिला, आणि आम्ही दवाखान्यात पोचलो.

लाडकी वाचली. मूल गेलं.

सगळं आवरून मी बाहेर आले तेव्हा बाई अंगणात जीपच्या पायरीवर बसल्या होत्या. हात धुतलेले, तसेच ओले. मी म्हटलं, "बाई, ते आधीच गेलं असणार. पाड्यावरच."

"नाही," त्या म्हणाल्या. "पाड्यावर मी ठोके ऐकले होते. चांगले होते."

मी शेजारी बसले. लाडकीची सासू आत गाढ झोपली होती. तिला उठवून सांगायला बाई स्वतः गेल्या. वेळ ओढ्यावर माझ्या गाडीमुळे गेला, असं त्यांनी तिला सरळ सांगितलं. म्हातारीने ऐकलं आणि म्हणाली, "गाडी नसती तर ही पोर पण गेली असती." आणि लाडकीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. बाईंना त्याने बरं वाटलं असं मला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी मेस्त्रींनी नवी प्लेट बसवली. बाई गॅरेजमध्ये स्टुलावर बसून होत्या. काम झाल्यावर म्हणाल्या, "मेस्त्री, मला चालवायला शिकवा. पहिल्यापासून." मेस्त्रींनी सीट पुढे सरकवून घेतली आणि पेडलवर लाकडाचे ठोकळे बसवले. हँडब्रेक दुरुस्त केला. मग रोज सकाळी दवाखाना उघडण्याआधी बाई, मेस्त्री आणि जीप बोईसरच्या फाटकाकडे जायचे, ट्रकांच्या रांगेत चढावर थांबायचे, हँडब्रेक सोडून निघायचे, आणि वळून पुन्हा रांगेत लागायचे. ट्रकवाल्यांना वाटलं, बाईंना वेड लागलं. पाय काढणं त्यांना फार जड गेलं. कधी कधी पाय आपोआप पेडलकडे जायचा, तेव्हा त्या स्वतःच्या गुडघ्यावर चापट मारायच्या, लहान मुलाच्या हातावर मारतो तशी.

पण पाय निघाला. ती प्लेट इतकी टिकली की एकदा मेस्त्रीच दवाखान्यात येऊन विचारून गेले, दुसरीकडे तर काम देत नाही ना म्हणून. गावांना मात्र बाई आल्याचं आता कळेना. आम्ही अंगणात उभ्या असायचो आणि घरातले म्हणायचे, कुठल्या वाटेने आलात? बाईंनी मग हॉर्न वाजवायची सवय लावून घेतली.

लाडकीला पुन्हा दिवस गेले तेव्हा बाईंनी आधीच जाऊन तिला पालघरला आणून ठेवलं. मुलगी झाली. बाईंनी तिला उचलून घेतलं नाही, कौतुकही केलं नाही. नळी लावून ठोके ऐकले आणि माझ्या कानाला नळी दिली. "ऐक," एवढंच म्हणाल्या.

दशक सरता सरता बाईंची पुण्याची बहीण अंथरुणाला खिळली. तिला दुसरं कुणी नव्हतं. दवाखाना एका तरुण डॉक्टरांनी घेतला, जीप मेस्त्रींकडे गेली. निरोपाचा समारंभ नको असं बाईंनी बजावलं होतं. शेवटच्या दिवशीही त्यांनी सकाळचे सगळे रोगी तपासले. शेवटची एक कातकरीण होती, विळा लागून तळपाय कापलेला. बाईंनी टाके घातले, पट्टी बांधली आणि नेहमीप्रमाणे सांगितलं, "येत्या आठवड्यात येऊन दाखव मला." मग त्या थबकल्या, माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "तू बघशील ना?" मी मान हलवली. त्या हात धुवायला गेल्या. दुपारच्या गाडीने त्या गेल्या.

पुढच्या आठवड्यात ती कातकरीण लंगडत आली. बाहेरच्या बाकावर बसून तिने इकडेतिकडे पाहिलं.

"बाय कुठं हाय?"

"गेल्या. पुण्याला."

तिने थोडा विचार केला. "मग मी थांबते," ती म्हणाली.

मी तिला परत समजावलं नाही. तिचा पाय मांडीवर घेतला आणि टाके काढले. जखम छान भरली होती. नवी पट्टी बांधून मी तिला जायला सांगितलं, तिनेही मान डोलावली. पण डॉक्टरांनी दुपारी दार लावलं तेव्हा ती बाकावरच होती, रस्त्याकडे तोंड करून.